पानशेत फुटलं त्या साली तुमचं गाव कोणतं?

जोगेश्वरीतल्या एका समाजमंदिरात आम्ही काही जण रविवारी लोकांना अर्ज भरून देतो. जातीचा दाखला, रेशनकार्ड, मतदार नोंदणी, राहून गेलेली जन्मनोंद, जे लागेल ते. मध्यंतरी एक वैदू आजी नातवाला घेऊन आल्या. नातू दहावी पास झालेला, पुढच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. आजींनी उभं आयुष्य लोकलच्या बायकांच्या डब्यात पिना, रबरबँड आणि कानातली विकण्यात काढलं. त्यांच्या आईनं ते 'सुया घे, दाभण घे, बिब्बे घे' म्हणत गावोगाव फिरण्यात काढलं होतं.

मी अर्जातला नेहमीचा प्रश्न विचारला. "आजी, एकसष्ट साली, एकवीस नोव्हेंबरला, तुमच्या सासऱ्यांचं गाव कोणतं होतं?"

"पानशेत फुटलं ते साल ना?" आजी लगेच म्हणाल्या. "तवा आमचं बिऱ्हाड सासवडला होतं. माझं माहेर आन् सासर एकाच बिऱ्हाडातलं. पुण्याला पाणी शिरलं म्हणून माणसं सांगत आली होती."

पानशेत जुलैत फुटलं, प्रश्न नोव्हेंबरचा आहे, असं मी त्यांना सांगितलं.

"दिवाळीनंतर व्हय? दिवाळीनंतर आमी कुठं एका गावाला असायचो, ताई? पावसाळा सरला की पालं उठायची. गावात पाटलाला सांगून तीन रात्री राहायचं, मग पुढलं गाव."

उत्तर अगदी खरं होतं. अर्जात ते लिहायला जागा नव्हती. भटक्या-विमुक्तांचं पुनर्वसन इतकी वर्षं का रखडलंय, हे मला विचाराल तर ते या एका रकान्यात सापडतं. ती तारीख आली कुठून, एवढं जरी नीट कळलं तरी पुष्कळ गोष्टी उलगडतील.

मुंबईकराला तारखेची किंमत वेगळी सांगायला नको. झोपडी १ जानेवारी १९९५च्या आधीची की नंतरची, मग २०००च्या आधीची की नंतरची, मग २०११. या तारखांवर इथं घरं मिळाली आणि घरं तुटली. परिशिष्ट-२मध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पात्रता यादीत, आपल्या नावापुढं 'पात्र' लिहिलंय की 'अपात्र', या चिंतेत लोकांनी रात्री जागवल्या. मागास प्रवर्गांच्या दाखल्यांनाही अशाच तारखा आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. सरकारनं नेमलेल्या थाडे समितीच्या शिफारशींनंतर या दिवशी महाराष्ट्र सरकारनं त्यांची यादी लागू केली. त्या तारखेला किंवा त्याआधी तुमचे वाडवडील महाराष्ट्रात जिथं कायमचे राहत होते, तिथल्या अधिकाऱ्याकडून दाखला घ्यायचा, असा नियम आहे. बाहेरून आलेल्यानं इथल्या माणसाचा हक्क घेऊ नये, हा त्यामागचा हेतू आणि तो रास्तच आहे. अडचण 'कायमचे' या शब्दापाशी येते. जमात भटकी आहे म्हणूनच ती यादीत आली, आणि दाखला देताना तिला विचारलं जातं की कायमचं गाव सांगा.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. 'भटक्या-विमुक्त' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भटके म्हणजे ज्यांचा धंदाच फिरतीचा: वैदू, गोंधळी, वासुदेव, नंदीवाले, घिसाडी, डोंबारी, बहुरूपी. विमुक्त म्हणजे कशातून तरी मुक्त केलेले: रामोशी, बेरड, कैकाडी, कंजारभाट, वडार, बंजारा, राजपारधी, वाघरी अशा चौदा जमाती. त्यांना मुक्त केलं ते एका कायद्यातून. आपण शाळेत शिकलेल्या इतिहासात या कायद्याला क्वचितच जागा मिळाली.

१८७१ साली ब्रिटिश सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, मग चोराचा मुलगा चोर होणारच, असा तर्क त्यामागं होता. आपली जातिव्यवस्था त्यांनी पाहिली आणि तीच गुन्ह्याला लावली. एखादी जमात 'गुन्ह्याला सरावलेली' आहे असं सरकारनं एकदा जाहीर केलं की संपलं, त्या निर्णयाला कोर्टात आव्हान देता येत नसे. सुरुवातीला हा कायदा उत्तर भारतापुरता होता. १९११च्या नव्या कायद्यानं तो सगळीकडं नेता येऊ लागला, आपल्या मुंबई इलाख्यातही. १९२४ साली तो आणखी पक्का झाला.

याच जमाती का निवडल्या? या प्रश्नापाशी थोडं थांबायला हवं, कारण 'त्या लोकांत काहीतरी असेलच' ही शंका आजही शिकल्यासवरल्या घरांत ऐकू येते. बंजाऱ्यांचं उदाहरण घ्या. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे देशभर फिरत. फौजांना रसद तेच पुरवत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तो दिवस आपण अभिमानानं सांगतो. पुढं रूळ घाटावर चढले आणि देशभर पसरले, तशी बैलांच्या पाठीवरची वाहतूक बसत गेली. मिठावर सरकारचा ताबा आणि कर आला. काही पिढ्यांत एका अख्ख्या समाजाचा धंदा गेला, आणि रिकाम्या हातांनी फिरणारे तांडे सरकारला धोकादायक दिसू लागले. रामोशांचं कारण वेगळं. किल्ल्यांची आणि गावांची राखण करणारी ही माणसं. त्यांच्यातल्या उमाजी नाईकांनी कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला आणि ३ फेब्रुवारी १८३२ला पुण्यात त्यांना फाशी झाली. जंगलाचे कायदे आले आणि पारध्यांची शिकार चोरी ठरली. दारू गाळण्यावर सरकारचा मक्ता आला आणि पिढ्यान्‌पिढ्या दारू गाळणारे गुन्हेगार झाले. म्हणजे कुणाचा धंदा बुडाला होता, कुणी लढलं होतं, कुणाचं रान काढून घेतलं होतं. या सगळ्यांना एकाच यादीत बसवणारी एक गोष्ट होती: ही माणसं एका जागी बसत नव्हती, त्यामुळं त्यांच्याकडून सारा वसूल करता येत नव्हता आणि त्यांच्यावर नजरही ठेवता येत नव्हती.

कायदा चालायचा कसा, ते पाहा. जाहीर झालेल्या जमातीच्या माणसांची नावं रजिस्टरात चढत. बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी पोलिसांकडं हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर पास घ्यायचा. पास नसताना बाहेर सापडलं की अटक. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान ७ वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप. सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवण्याचीही तरतूद होती. गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती, त्या घरात जन्म पुरेसा होता. या हजेरीला आपल्याकडं राजाश्रयातून विरोध झाला तो कोल्हापुरात. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ती बंद केली आणि फासेपारध्यांना कामं दिली. त्यांच्या सरहद्दीबाहेर मात्र ती पुढची तीस वर्षं चालू राहिली.

आता सेटलमेंट. सोलापुरात हा शब्द आजही वस्तीच्या नावात आहे. तारेचं कुंपण, आत कुटुंबं, सकाळ-संध्याकाळ हजेरी, आणि जवळच्या गिरण्यांत मजुरी. या जमातींना कुंपणात ठेवायचं, काम लावायचं, मुलांना शिकवायचं, म्हणजे पुढची पिढी 'सुधारेल', असं तेव्हा सांगितलं गेलं. सरकारी कागदांत या सगळ्याला सुधारणाच म्हटलंय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या समाजाला 'तुमचं पुनर्वसन करतो' असं सांगायला आपण जातो तेव्हा हा शब्द ते पहिल्यांदा ऐकत नसतात. त्यांच्या आज्या-पणज्यांना तो कुंपणाआड ऐकवला गेलाय. पालावर गेल्यावर बायका वहीकडं बघून गप्प होतात, नाव सांगायला कचरतात, त्याला आपण अडाणीपणा म्हणतो. वहीत नाव चढलं की काय होतं, ते त्या घराला ठाऊक आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा १२७ जमाती या कायद्याखाली होत्या. मुंबई प्रांतानं १९४९ साली तो आपल्यापुरता रद्द केला. केंद्रानं या कायद्याच्या चौकशीसाठी अय्यंगार समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ला तो देशभरातून गेला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. बाकीच्या देशाहून ५ वर्षं आणि १६ दिवस उशिरा आलेलं स्वातंत्र्य.

कायदा गेला, त्याची सवय राहिली. १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला. तो जमातीला लागू होत नाही, वारंवार शिक्षा झालेल्या माणसाला लागू होतो. कागदावर हा फरक मोठा आहे. पण रजिस्टर, ठसे, हालचालींवर बंधनं ही हत्यारं त्यानं जुन्याच कायद्यातून उचलली. शिवाय पोलीस शिपायाच्या डोक्यातली यादी कुठल्या राजपत्रानं रद्द होत नाही. परिसरात घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे आजही चालतं. सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ला तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दल जो निकाल दिला, त्यात याची दखल आहे. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार त्या याचिकेच्या कर्त्या. देशातल्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत जातीनुसार कामं वाटलेली होती आणि विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मानंच सराईत मानणारी कलमं २०२४पर्यंत छापलेली होती. न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका, असं पोलिसांनाही बजावलं. कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षं झाली होती.

पोटाचं पुढं काय झालं? इथंही कायदेच आडवे आले, आणि त्यातले काही चांगल्या हेतूचे होते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गारुड्याचा साप, दरवेशाचं अस्वल, पारध्याचं जाळं, सगळं बंद झालं. प्राण्यांसाठी ते गरजेचंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याचा साप सोडवला त्याच्या हातात दुसरं काम कुणी दिलं नाही. आणि मुंबईत तर आणखी एक कायदा आहे, १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा. यात भीक मागण्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, कसरत करून किंवा एखादी वस्तू विकायला पुढं करून पैसे घेणंही त्यात बसू शकतं. पुन्हा वाचा ही यादी. गाणारा वासुदेव, भविष्य सांगणारा मेढंगी जोशी, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर, सिग्नलवर गजरे आणि झेंडे विकणारी पारधीण. एका व्याख्येत भटक्यांच्या निम्म्या जमाती आल्या. वॉरंटशिवाय अटक होते, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, आणि चेंबूरचं भिक्षेकरी गृह मुंबईकरांना नावानं तरी माहीत असतंच. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्याची मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. जिथं हा कायदा जन्मला त्या महाराष्ट्रात तो रद्द झालेला नाही.

ही माणसं मुंबईत नेमकी आहेत कुठं, असा प्रश्न पडेल. आपण रोज त्यांना भेटतो, ओळखत नाही एवढंच. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण बहुतेकदा वाघरी समाजाची असते. पहाटे नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्यांत वडार असतात. खडी फोडणं आणि पाया खणणं हे त्यांचं पिढीजात काम, या शहराच्या रस्त्यांखाली आणि इमारतींखाली त्यांचे हात आहेत. उड्डाणपुलाखाली चूल मांडलेलं कुटुंब पारध्यांचं असू शकतं. दुष्काळी भागातून उन्हाळ्यात येणारी आणि पावसाळ्याला परतणारी बिऱ्हाडं वेगळीच.

यांना घर देण्याचं गणित इथंच चुकतं. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडीचं संरक्षण आहे. सकाळी गुंडाळून झाडाला अडकवून ठेवलेली ताडपत्री ही झोपडी होत नाही. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) नाही, वीजबिल नाही, मग परिशिष्ट-२मध्ये नाव येणार कुठून? १९८१ साली फुटपाथवरल्या लोकांना हाकलायला सुरुवात झाली तेव्हा ऑल्गा टेलिस या पत्रकार आणि फुटपाथवरची माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८५च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे तत्त्व आजही वकील कोर्टात मांडतात. मात्र आधी सूचना देऊन हटवायला त्याच निकालानं मुभा दिली.

राज्य सरकारची २०११ची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना खास याच समाजांसाठी आहे. मूळ योजनेत वीसेक कुटुंबांना एकत्र जागा, प्रत्येकी ५ गुंठे आणि २६९ चौरस फुटांचं घर होतं. कल्पना चांगली होती, कारण ती माणसाला एकट्याला उचलत नव्हती, बिऱ्हाड एकत्र ठेवत होती. पण ही योजना ग्रामीण भागासाठी केलेली, मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे त्यातून वगळलेले. म्हणजे गावात राहायचं तर गाव ठेवून घेत नाही, आणि ज्या शहरात पोट भरतं तिथं योजना नाही. केंद्राची 'सीड' नावाची योजना फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली: शिकवणी, आरोग्यविमा, रोजगार आणि घर यांसाठी ५ वर्षांत मिळून २०० कोटी रुपये. या समाजांसाठी केंद्रानंच नेमलेल्या रेणके आयोगानं २००८च्या अहवालात देशातल्या भटक्या-विमुक्तांची संख्या १० कोटींच्या वर धरली होती. भागाकार करून पाहा. माणशी वर्षाला ४ रुपयेसुद्धा येत नाहीत.

दाखला मिळाला तरी तो कोणत्या प्रवर्गाचा, ही दुसरी भानगड. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहेत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सख्खे चुलतभाऊ, एक यवतमाळचा आणि एक सोलापूरचा, त्यांचे हक्क वेगळे. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, राजपारधी विमुक्त जातीत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. महाराष्ट्रानं निदान ११ टक्के आरक्षण वेगळं ठेवलं (विमुक्त ३, भटक्यांचा 'ब' गट २.५, धनगर ३.५, वंजारी २), आश्रमशाळा काढल्या, १९८४ साली महामंडळ उभं केलं. रेणकेंनंतर केंद्रानं नेमलेल्या इदाते आयोगाच्या अहवालाप्रमाणं देशात अडीचशेहून अधिक जमाती अशा आहेत की त्या कुठल्याच यादीत नाहीत.

मग आजीसारखीनं करायचं काय? इथं मी नीट सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी इमारतीखाली, दुकानासमोर असं कुटुंब असेल.

मतदार नोंदणीपासून सुरुवात करावी, असा माझा अनुभव आहे. बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. फॉर्म ६मध्ये तो जिथं झोपतो ती जागा लिहायची; मग बीएलओनं, म्हणजे त्या भागाची मतदारयादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं, रात्री तिथं जाऊन, तो खरंच तिथं झोपतो का, हे एकाहून जास्त वेळा पाहून नाव चढवायचं, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. साऱ्या सरकारी नियमांत मला हा सगळ्यात माणुसकीचा वाटतो. कागद नसलेल्याला हेलपाटे घालायला लावायचे नाहीत, अधिकाऱ्यानं उठून रात्री पुलाखाली जायचं. शाळेचंही तसंच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं जन्मदाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाला शोभेल त्या वर्गात बसवावं लागतं. मुलाचं नाव एकदा हजेरीपटावर आलं की पुढच्या पिढीचा पुरावा तयार होतो. जन्म नोंदवायचा राहून एक वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याला वेळ जातो, पण होतं.

जातीच्या दाखल्यासाठी वडिलांच्या बाजूचा रक्ताचा नातेवाईक कामी येतो: आजोबा, चुलत आजोबा, आत्या. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्ममृत्यू नोंदीतली ओळ, कोतवाल बुकातला, म्हणजे गावच्या जुन्या नोंदवहीतला, उल्लेख. काहीच नसेल तर शपथपत्र घेऊन, स्थानिक चौकशी आणि पंचनामा करून दाखला देता येतो. ही सोय आहे, पण वापरायची तर कुणीतरी अधिकाऱ्यानं खुर्चीतून उठायला हवं. एका कार्यालयात मला सांगितलं गेलं की चौकशी करतो, पण अर्जदाराचा कायमचा पत्ता द्या. त्यानंतर जात पडताळणी समितीपुढं तेच सगळं पुन्हा.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुराव्याचं ओझं ज्याच्या पाठीवर आहे तिथून उचलून सरकारच्या पाठीवर ठेवायला हवं. ज्या सरकारी यंत्रणेनं कधीकाळी या घरांतल्या पोरासोरांचे ठसे घेतले, रोज दोनदा मोजणी केली, तिला माणसं शोधता येत नव्हती असं नाही. पहारा ठेवायचा होता तेव्हा ती पालापर्यंत चालत गेली होती.

समाजाच्या आतलं एक बोलायला हवं, ते झाकून ठेवणं बरोबर नाही. जातपंचायत हा भटक्यांचा मोठा आधार होता. ज्यांना गावचं न्यायासन कधी उभं करत नव्हतं, त्यांचा न्याय जत्रेच्या जागी, नगर जिल्ह्यातल्या मढीला, पंच करत. पण त्याच पंचांनी बालविवाह लावले, कंजारभाट समाजात नव्या नवरीच्या कौमार्याची परीक्षा चालू ठेवली, विरोध करणाऱ्यांना वाळीत टाकलं. त्याविरुद्ध उभी राहिलेली मुलं-मुली याच समाजांतली आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं त्यांना साथ दिली, काही ठिकाणी पंचांनीच पंचायत बरखास्त केली, आणि जुलै २०१७मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मुलं दोन्हीकडून भांडतायत, पंचांशीही आणि तहसीलदाराशीही, आणि दोन्हीकडं त्यांना विचारलं जातं की तू आमची आहेस कशावरून.

आता जनगणना येते आहे. १९३१नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात मोजली जाणार, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे. विमुक्त-भटक्यांच्या संघटनांचं मागणं आहे की त्यांना वेगळा रकाना द्या, नाहीतर ते पुन्हा इतरांत विरघळतील. मोजणारा पालावर येईल का, याची चिंता मला त्याहून जास्त वाटते. मार्चमध्ये निम्मी बिऱ्हाडं वाटेवर असतात.

आजींचा अर्ज आम्ही अजून दिलेला नाही. परवा त्यांना मी पुन्हा विचारत होते, कुणी कधी शाळेत गेलं होतं का. नाही म्हणाल्या. मग नातवाला पाणी देता देता थांबल्या. मुंबईत आल्यावर वारलेला त्यांचा धाकटा दीर, सासवडला पावसाळ्याचा मुक्काम होता तेव्हा शाळेत जाऊन बसायचा. मास्तरांनी त्याला पाटी दिली होती. पालं उठेपर्यंत गेला, महिना-दीड महिना.

"मास्तरांनी नाव लिवलं होतं का?"

"त्ये ठावं न्हाई. पन हजेरी घ्यायचे तवा ह्यो 'हजर' म्हनायचा. रातीच्याला घरी येऊन आमाला म्हनून दावायचा."

सोमवारी मी आणि नातू सासवडला जाणार आहोत. शाळेत १९६१चं रजिस्टर शिल्लक असेल तर जून ते ऑक्टोबरची पानं बघायची आहेत.